नगरच्या गॅझेटियरातील बंडवाले आणि पहारेकरी

सरकारी ग्रंथ वाङ्मय म्हणून वाचण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचे जाड खंड वाचनालयाच्या कपाटात वरच्या फळीवर असतात. एखाद्या देवस्थानचा वाद निघाला, एखाद्या घराण्यास आपले वतन सिद्ध करावयाचे झाले, किंवा गावाच्या नावाची व्युत्पत्ती हवी झाली, म्हणजे ते खाली उतरतात आणि काम होताच पुन्हा वर जातात. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेला अहमदनगर जिल्ह्याचा १७ वा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बंडांची हकीगत मात्र सलग वाचण्याजोगी आहे, आणि ती वाचण्यास सध्या निमित्तही आहे. २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या या जिल्ह्यात गावठी कट्टा सापडला, वाळूच्या उपशावरून टोळ्यांची मारामारी झाली, अमक्या टोळीस ‘मोक्का’ लागला, अशा बातम्यांचे आता कोणास नवल वाटत नाही. हत्यारबंद टोळ्यांचे काय करावे हा प्रश्न या मुलखात पावणेदोनशे वर्षांपूर्वी याहून कितीतरी उग्र रूपाने उभा होता, आणि त्याचे एक उत्तर त्या वेळी काही काळ तरी खरोखर सापडले होते. ते उत्तर या ग्रंथात आहे. परंतु आपल्या हाती काय लागले आहे याची ग्रंथकारांस पुरती जाणीव दिसत नाही. असे का झाले, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम मांडणीविषयी. गॅझेटियराचा प्रत्येक खंड एकाच साच्यात ओतलेला आहे: भूवर्णन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय. साचा सोयीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. हवी ती माहिती हवी तेव्हा हाती लागते. पण त्याचा एक परिणाम असा होतो की, कोळी आणि भिल्ल यांचे राहणे, खाणे आणि देवदेवता ‘लोक’ या प्रकरणात जातात. त्यांच्याकडून खत लिहून घेणारा सावकार ‘भांडवल’ या प्रकरणात बसतो. त्यांच्या डोंगरी जमिनीचा सारा ‘जमीन’ या प्रकरणात निघतो. त्यांनी उचललेली बंदूक ‘इतिहास’ या प्रकरणात वाजते. आणि त्यांना पकडणाऱ्या पोलिसांची गणती ‘न्याय’ या प्रकरणात होते. एकाच माणसाचे पाच तुकडे करून ते पाच दालनांत ठेवले आहेत. कारण आणि कार्य यांची गाठ पडू नये अशी योजना कोणी बुद्ध्या केली, असे आम्ही म्हणत नाही. हा कारकुनी शिस्तीचा दोष आहे. मात्र दुष्ट हेतूपेक्षा अशी शिस्तच पुष्कळदा अधिक काळ टिकते.

नगर जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या अंगाला महादेव कोळ्यांची वस्ती आहे. (गॅझेटियरात हे नाव ‘अकोला’ असे छापल्यामुळे वऱ्हाडचा वाचक उगाच घोटाळ्यात पडतो.) मराठी राज्यात डोंगरी किल्ल्यांची शिबंदी आणि घाटवाटांची राखण यांवर यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबांचा निर्वाह चाले. १८१८ साली राज्य गेले. किल्ले निकामी झाले, शिबंदी मोडली, जुन्या हक्कांना काट बसली. पुढे पुण्याकडील रामोशांनी बंड करून सरकारकडून काही मागण्या पदरात पाडून घेतल्या, हे कोळ्यांनी पाहिले आणि १८२८-२९ च्या सुमारास तेही उठले. त्यांचा पुढारी रामजी भांगरे. हा मनुष्य कोण होता? इंग्रजांच्याच पोलिसांतील जमादार! ज्याला वाटा, घाट आणि लपण्याच्या जागा ठाऊक, तोच पहाऱ्यास ठेवावा लागतो. आणि तोच बिथरला म्हणजे त्याला पकडण्यास दुसरे कोणी उरत नाही. या बंडाच्या बंदोबस्तावर असलेले कॅप्टन मॅकिंटॉश यांनी पुढे याच महादेव कोळ्यांविषयी एक विस्तृत निबंध लिहिला. ज्यांच्या मागे रात्री-अपरात्री डोंगर तुडवले त्यांच्या कुळांची, लग्नांची आणि शपथांची इतकी बारीक चौकशी करणारा हा गृहस्थ आम्हांस गॅझेटियरकारांपेक्षा अधिक जवळचा वाटतो. त्याच्या लिखाणात शत्रूविषयी कुतूहल आहे. गॅझेटियरात त्या कुतूहलाची माहिती झाली आहे.

रामजीनंतर राघोजी भांगरे. त्याच्या काळात बंदुकीचे तोंड सावकाराकडे वळलेले स्पष्ट दिसते. टोळी सावकाराच्या घरावर पडे, खते आणि रोखे हिसकावून घेई, आणि कित्येक मारवाडी सावकारांची नाके कापी. या क्रौर्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. ज्यांची नाके गेली त्यांना घरी बायकामुले होती. परंतु टीकाकाराने हे पाहिलेच पाहिजे की, धनासाठी दरवडा घालणारा मनुष्य कागद नेत नाही आणि नाकही कापीत नाही. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. कोर्टाच्या हुकूमनाम्याने ज्याने आपली अब्रू नेली त्याची अब्रू त्याच्या चेहऱ्यावरच छाटावी, असा तो भयंकर हिशेब होता. गॅझेटियरकारांनी नाके कापल्याची नोंद ‘इतिहासा’त केली आणि व्याजाचे दर ‘भांडवला’त दिले, दोन्ही नोंदी बिनचूक असल्या तरी वाचकाने त्या जोडाव्यात कशा? १८४८ च्या आरंभी राघोजी पंढरपुरास पकडला गेला आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यास फाशी झाली.

यानंतर भागोजी नाईक. नांदूर-शिंगोटे हे त्याचे गाव आज नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात येते. पण नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला, तोपर्यंत हा मुलूख नगरच्याच कारभारात होता. भागोजी जातीने भिल्ल, आणि पुन्हा तीच गोष्ट: नगरच्या पोलिसांतील जुना अंमलदार. १८५५ साली दंगा आणि पोलिसांस अडथळा या आरोपावरून त्यास कैद झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तनाचा जामीन द्यावा लागला. ती मुदत संपते न संपते तोच १८५७ साल उजाडले आणि लोकांची हत्यारे काढून घेण्याचा सरसकट हुकूम निघाला. भागोजीने गाव सोडले. पन्नासेक माणसे त्यास मिळाली, आणि पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशा टेकडीवर तो जाऊन बसला.

या ठिकाणी गॅझेटियरात जे चार-सहा वाक्यांत येऊन जाते ते आमच्या मते सर्व खंडाचे मर्म आहे. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री नांदूर-शिंगोट्यास आले. बरोबर तीसएक शिपाई आणि तलवारी घेतलेले काही महसुली पट्टेवाले. त्यांनी भागोजीस निरोप धाडला. भागोजीचे उत्तर आले: दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढे पोटापाण्याची काही तजवीज व्हावी, त्यावाचून आपण येणार नाही. हे उत्तर मिळताच हल्ल्याचा हुकूम झाला. पहिल्या गोळीने हेन्रीच्या पाठीमागचा मनुष्य पडला. थोड्याच वेळात स्वतः हेन्री छातीत गोळी लागून ठार झाले.

उत्तर आणि हुकूम यांच्यामध्ये ग्रंथात जागाच सोडलेली नाही. मागणी न्याय्य होती की नव्हती, पगार खरोखर थकला होता काय, भिल्ल नाइकाच्या निर्वाहास किती रुपये लागले असते, यांपैकी एकही प्रश्न ग्रंथकारांच्या मनात उभा राहत नाही. निरोप धाडला, नकार आला, गोळी सुटली. आता हेन्रींच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. देशभर आग लागलेली, हाताखाली मूठभर माणसे, आणि पगार देणे वा नेमणूक करणे हे त्या वेळी त्या टेकडीखाली उभ्या असलेल्या सुपरिंटेंडेंटाच्या हातचे काम नव्हते. बोलणे करावयास तो गेला, परंतु देण्यासारखे काही बरोबर घेऊन गेला नाही. रिकाम्या हाताने केलेल्या बोलण्यास समोरचा मनुष्य बोलणे समजत नाही, शेवटची ताकीद समजतो.

पुढची दोन वर्षे अकोले, संगमनेर, राहुरी, कोपरगाव या भागांत चकमकी चालल्या. शमशेरपूरच्या डोंगरात त्याच महिन्यात पलटण आणि पोलीस यांच्याशी गाठ पडली. उघड मैदानात कवायत शिकलेल्या फौजेचा या डोंगरात उपयोग होईना. तेव्हा कॅप्टन नटॉल यांस कोळ्यांची एक पलटण उभारण्याचा हुकूम झाला, आणि येथे गॅझेटियराची भाषा एकाएकी बदलते. महसुलाचे कोष्टक लिहिणाऱ्या लेखणीस जणू डोंगराचा वारा लागतो. १८५७ च्या डिसेंबरात आपापल्या तलवारी-बंदुका घेऊन १०० माणसे तयार झाली. दोन महिन्यांत आणखी ११० घेण्याचे ठरले. मग संख्या ६०० वर गेली. गडद हिरवे पागोटे, हिरवी बंडी, गुडघ्यापर्यंत रक्तवर्णी धोतर, पायांत वहाणा, हातात संगिनीची हलकी बंदूक. तंबू नाही, सामानाचा तांडा नाही. स्वयंपाकाची भांडीसुद्धा आपसांत वाटून घेतलेली. दिवसाकाठी तीस-चाळीस मैल खडकाळ वाट तुडवून मुक्कामास आले म्हणजे पोटाच्या आधी बंदूक पुसावयास घेत. हे सारे सरकारी ग्रंथात आहे, आणि लिहिणाऱ्याचे त्या माणसांवर प्रेम बसलेले वाक्यावाक्यातून कळते. या खंडातील इतके जिवंत पान दुसरे आम्हांस आढळले नाही.

परंतु पागोट्याच्या रंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. नटॉल यांनी शिपाई एकेकटे भरती केले नाहीत. ते कुळाकुळाच्या नायकांकडे गेले आणि जो जितकी माणसे आणील तितका त्याचा हुद्दा, असा करार त्यांनी केला. बांबळे कुळाचा मुख्य जावजी नाईक पलटणीचा प्रमुख झाला. आणि अंमलदारांत कोणाची नेमणूक झाली? राघोजी भांगऱ्याच्या भावाची! ज्या घराण्यातील पुरुषास दहा वर्षांपूर्वी ठाण्यास फाशी दिले, त्याच घराण्यास हुद्दा, पगार आणि सरकारी बंदूक. रामजी जमादार होता तो बंडवाला झाला, राघोजी बंडवाला म्हणून मेला, आणि त्याचा भाऊ पुन्हा अंमलदार: एका घराण्याच्या या तीन पायऱ्यांत बंडवाला आणि पहारेकरी यांच्यामधली भिंत किती पातळ आहे ते दिसते. तिच्या एका बाजूस पगार आणि मान आहे, दुसऱ्या बाजूस नाही, माणसे तीच. खानदेशात औट्रम यांनी १८२५ साली भिल्ल पलटण उभारून हाच अनुभव घेतला होता. मग १८५५ साली भागोजीच्या बाबतीत तो का आठवला नाही?

येथे थांबून नटॉलचे कौतुकच करीत बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. या गोड हकिगतीस एक कडू अंग आहे, आणि गॅझेटियराने ते लपविलेले नाही, उलट मोठ्या समाधानाने सांगितले आहे. कोळी हे भिल्लांचे पिढीजात प्रतिस्पर्धी, म्हणून ते निवडले. जो विश्वास कोळ्यांवर टाकला तो भिल्लांच्या वाट्यास आला नाही. त्यांच्या वाट्यास कोळ्यांच्या गोळ्या आल्या. १८५९ च्या जुलैत संगमनेरजवळील डोंगरात भागोजीचा मुलगा यशवंत पडला, आणि ११ नोव्हेंबरला सिन्नर तालुक्यात मिठसागरे येथे फ्रँक सूटर यांनी गाठून स्वतः भागोजी आणि त्याची बहुतेक टोळी मारली. (हेच सूटर पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर झाले.) एका जमातीच्या हाती दुसरीविरुद्ध हत्यार देणे आणि जमातीस विश्वासात घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, बाहेरून त्या सारख्या दिसतात एवढेच. छत्तीसगडात २००५ साली ‘सलवा जुडूम’ या नावाने आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना नक्षलवाद्यांपुढे उभे केले गेले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरविला. नटॉलची पलटण निदान शिस्तीची, पगारी आणि जबाबदार अंमलदाराच्या हाताखालची होती, हा फरक खरा. पण भागोजीच्या आईने तो मानला असता काय, हा प्रश्न उरतोच.

१८६१ च्या मार्चात कोळी पलटण मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे नांगराकडे परतले. पलटण उभारण्याचे शहाणपण सिद्ध झाले, असा शेरा गॅझेटियरकार मारतात, आणि त्याच ओघात सांगून टाकतात की, पूर्वी बंडांत पुढे असणारे हे कोळी पलटणीत असेपर्यंत बंड मोडण्याच्या कामी आले आणि नंतर पुन्हा पूर्ववत झाले. मग मोडली का? यावर ग्रंथ गप्प आहे. काम संपले, खर्च वाचला, एवढे उत्तर वाचकाने आपल्या मनाशी गृहीत धरावयाचे. ज्या उपायाने रोग हटला तो उपाय रोग हटला म्हणून बंद केला, आणि बारा वर्षांत, १८७३ साली, जुन्नरकडचा होन्या भागोजी केंगले त्याच डोंगरांत तीच खते आणि तीच नाके शोधीत उतरला. त्याच्या डोक्यास १,००० रुपयांचे बक्षीस लागले आणि १८७६ साली तो सापडला. दरम्यान १८७५ च्या मे-जूनात पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून नगरच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांपर्यंत कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यांच्या हाती बंदुका नव्हत्या, अंगावर हात टाकण्याचे प्रकारही थोडेच झाले. कागद मिळाला की गर्दी पांगे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ इसम पकडले गेले आणि ५०१ जणांस शिक्षा झाल्या. पण त्या वेळी सरकारने निदान चौकशी कमिशन नेमले, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कुणब्याच्या दंग्यास कायदा मिळाला, कोळ्याच्या बंडास बक्षिसाची जाहिरात. याच दशकात, १८७१ साली, ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा झाला, तो नटॉलच्या रीतीच्या अगदी उलट: नाइकास हुद्दा देऊन जमात जबाबदार करावयाची नाही, तर जमातच्या जमात जन्मतः हजेरीपटावर घ्यावयाची. तो पट फाडण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

आता आपल्या स्वतःच्या लेखनाकडे वळू. अलीकडे राघोजी आणि भागोजी यांच्यावर मराठीत गौरवपर लिखाण होऊ लागले आहे, आणि ज्यांना शंभर वर्षे लुटारू म्हटले त्यांचा हा मान योग्यच आहे. परंतु हे लेखन गॅझेटियराचा ‘लुटारू’ हा शब्द खोडून तेथे ‘क्रांतिवीर’ लिहिते आणि बाकीचे पान तसेच ठेवते, अशी आमची तक्रार आहे. राघोजीच्या भावाने हिरवे पागोटे बांधले ही गोष्ट त्यात सहसा येत नाही. आली तर खाली मान घालून येते. भागोजीचा थकलेला पगारही गाळला जातो. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याने पगार मागावा हे शोभत नाही, असे वाटत असावे. आम्हांस तर त्या मागणीमुळे भागोजी लहान न होता खरा वाटतो. कामाचे दाम आणि पुढच्या भाकरीची सोय मागणारा मनुष्य कोणत्याही काळच्या वाचकास ओळखू येतो.

आणि वर्तमानपत्रे? त्यांची पाने गॅझेटियराच्या प्रकरणांसारखीच पाडलेली आहेत. मध्य प्रदेशाच्या सीमेकडून आलेला कट्टा गुन्हेवृत्तात, नदीतील वाळूचा लिलाव महसुली वृत्तात, काम नसलेले तरुण निवडणुकीच्या पानावर. १९९९ चा मोक्का कायदा टोळीची मागील दहा वर्षांची दोषारोपपत्रे मोजतो. ते मोजलेच पाहिजे. पिस्तूल बाळगून गावास धाक घालणाऱ्यापुढे हात जोडावेत असे कोण म्हणेल? पण टोळीत काल शिरलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी कोण बोलावयाचे, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही, आणि कायद्यात ते लिहिता येण्यासारखेही नाही. अमेरिकेत बॉस्टन शहराने १९९६ साली हे करून पाहिले. पोलीस, सरकारी वकील, चर्चचे धर्मगुरू आणि वस्तीत काम करणारे लोक एका खोलीत बसले. टोळ्यांतील तरुणांस समोर बोलावून सांगितले की, पुढचा खून झाला तर साऱ्या टोळीवर कायद्याचा सगळा भार पडेल, आणि ज्याला बाहेर पडावयाचे त्याला काम, शिक्षण, मदत येथेच मिळेल. पुढे झालेल्या अभ्यासात तेथील तरुणांचे खून सुमारे ६३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ती घट सगळी या एकाच उपायाची, असे सगळे विद्वान मानीत नाहीत. तरी रीत पाहावी: हेन्रीचा निरोप तोच, फक्त या वेळी निरोप नेणाऱ्याच्या हातात काही होते. आपल्याकडे २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावकरी आणि पोलीस एका बैठकीत आले खरे, पण तिचा भर बांधावरच्या आणि भावकीच्या तंट्यांवर होता. टोळीतल्या मुलास त्या बैठकीत कोणी बोलाविले नाही.

या खंडातील बंडांच्या भागाचे एक निराळे मराठी पुस्तक कोणी काढील तर ते आम्हांस हवे आहे. भाषांतर साधे असावे, टीपा थोड्या असाव्यात. मात्र प्रकरणांचा क्रम मोडावा: ‘भांडवला’तील सावकारीची पाने आणि ‘इतिहासा’तील नटॉलची पाने शेजारी शेजारी छापावीत, मॅकिंटॉशच्या निबंधातील कुळांची माहिती त्यांच्या आधी घालावी, १८६१ नंतर एक पान कोरे सोडून मग होन्याचे बक्षीस द्यावे. आणि आरंभी, प्रस्तावनेच्याही आधी, नांदूर-शिंगोट्याच्या टेकडीवरून खाली आलेले भागोजीचे उत्तर असावे, त्यातील दोन वर्षांच्या पगाराच्या मागणीसकट.